माशांच्या टाकीचा लाल दिवा

मी माशांच्या टाकीचा बोर्ड बोलतोय. घरी येणारे पाहुणे टाकीतले एंजल मासे बघतात, ‘वा वा’ करतात आणि स्टँडच्या बाजूला टांगलेल्या माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. टाकीतले बुडबुडे, वरची ट्यूब आणि थंडीत पाणी कोमट ठेवणारा काचेचा हीटर, सगळं माझ्या तीन बटणांवर चालतं. पण सांगणार कोणाला?

माझा जन्म १९९९ साली ओतूरला, एसटी स्टँडजवळच्या कुंडलिकच्या दुकानात झाला. कुंडलिकचा खरा धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचा. माशांसाठी बोर्ड त्याने आयुष्यात बनवला नव्हता. म्हणून मोटारीच्या स्टार्टरवर असतो तसला ठळक लाल दिवा त्याने माझ्याही कपाळावर बसवला. करंट आला की लागायचा, गेला की विझायचा. एवढ्याशा लाकडी खोक्याला केवढा तो दिवा! मला तर लाजच वाटली.

मला नेलं बाळासाहेबांनी. ते कॉलेजात क्लार्क. कुंडलिकने तीन पिनांचा प्लग दाखवत बजावलं, “भाऊ, ही जाड पिन अर्थिंगची हाय, शोभेची न्हाई. आन् टाकीत हात घालायच्या आधी प्लग उपटायचा. नुसतं बटण बंद करून भागायचं न्हाई.”

“तेवढं कळतं रे आम्हाला,” बाळासाहेब म्हणाले.

कसलं कळतंय! घरातलं सॉकेट जुनं, दोनच भोकांचं. बाळासाहेबांनी माझा प्लग कापून टाकला आणि दोन पिनांचा बसवला. घरच्याच मळ्यातल्या विहिरीच्या मोटारीला अर्थिंगचा खड्डा होता, त्यात मीठ-कोळसा भरलेला होता. बाळासाहेबांच्या आई, झुंबरबाई, उन्हाळ्यात त्यात न चुकता घागरभर पाणी ओतायच्या. मोटारीचे एवढे लाड, आणि चोवीस तास पाण्याशेजारी राहणारा मी मात्र उघडा! राग यायचा मला.

माझ्या दिव्याची सगळे थट्टा करायचे. सूनबाई मोहिनी म्हणायच्या, “बैठकीत मोटारच बसवल्यासारखी वाटते.” त्यांनी त्यावर क्रोशाचा रुमालही टाकला होता. झुंबरबाई मात्र येता-जाता तो बाजूला सारायच्या. “दिवा दिसला पायजे,” एवढंच म्हणायच्या. आयुष्यभर त्यांनी दिवा बघितल्याशिवाय स्टार्टरला हात लावला नव्हता.

पुढे लोडशेडिंग आलं. रविवारी सकाळी नऊला लाइट जायची ती बाराला यायची. बाळासाहेबांना वाटलं, टाकी धुवायला याहून चांगली वेळ कोणती? प्लग उपटायचा नाही, बटण बंद करायचं नाही, बाह्या वर सारून सरळ हात पाण्यात. मोहिनीताईंनी एकदा टोकलं, तर म्हणाले, “लाइटच नाय, तर उपटायचं काय?” हळूहळू आमच्या गल्लीत ज्यांच्या-ज्यांच्या घरी टाक्या होत्या, ते सगळे याच मुहूर्तावर टाक्या धुऊ लागले.

२००५ च्या डिसेंबरातला एक रविवार. जुन्नरकडची थंडी, म्हणून हीटरचं बटण चालूच होतं. बाळासाहेबांनी अर्धं पाणी उपसलं. हीटर उघडा पडला. ते बादली भरायला मागच्या नळावर गेले आणि साडेदहालाच लाइट आली.

दिवसाउजेडी कुणाच्या लक्षात यायचं? टीव्ही बंद, पंखा बंद, माझीही ट्यूब आणि बुडबुड्यांची बटणं बंद. जागा झालो तो मीच. हीटर कोरडाच तापत गेला. बाळासाहेब आले, त्यांनी गार पाणी बादलीभर ओतलं आणि काच तडकली. त्यांना वाटलं, खडा वाजला. पण तडकलेल्या हीटरमधून करंट आता सगळ्या पाण्यात उतरला होता.

फरशी ओली, पाय अनवाणी, आणि ते टाकीतलं शेवाळ काढायला वाकलेले. माझ्या पोटातला फ्यूज स्वस्थ बसून होता. माणसाचा जीव घेणारा करंट इतका थोडा असतो, की तेवढ्याने फ्यूज वितळत नाही. मी काय करणार? ओरडायला तोंड नाही. माझ्याकडे होता तो फक्त दिवा. तो मी जीव तोडून पेटवून बसलो होतो.

झुंबरबाई खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली.

“बाळू! हात माघारी घे! लाल दिवा लागलाय!”

बोटं पाण्यापासून वीतभरावर थांबली. “आई, लाइट बाराला...”

“दिव्याला इचार बारा वाजले का ते! हो मागं!”

बाळासाहेब मागे झाले. चप्पल घालून, हात पुसून त्यांनी आधी मेन स्विच पाडला. निरोप मिळताच कुंडलिक धावत आला. त्याने सगळ्यांना लांब उभं केलं, मेन स्विच पुन्हा चालू केला आणि टेस्टर पाण्याला लावला. टेस्टर लखलखला. बाळासाहेब आईशेजारी खाली बसले आणि आईच्या पदराचं टोक धरून राहिले.

मासे चार दिवस बादलीत राहिले. तेवढ्यात नवा हीटर आला, जास्वंदीशेजारी अर्थिंगचा खड्डा झाला, मला पुन्हा तिसरी पिन मिळाली. करंट गळाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडणारा ईएलसीबीही भिंतीवर बसला. खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओतायचं काम झुंबरबाईंचं. आणि रुमाल? तो मोहिनीताईंनी स्वतःच काढला.

आता २००९ साल आहे. माझा सनमायका उडालाय, एक बटण अडकतं. झुंबरबाईंच्या डोळ्यांवर वडसाचा पडदा वाढलाय, त्यांना माझा दिवा दिसत नाही. म्हणून दर रविवारी बाळासाहेब माझा प्लग उपटतात आणि तो आधी आईच्या हातात देतात. टाकी धुऊन, हात पुसून होईपर्यंत झुंबरबाई तो मुठीत घट्ट धरून बसतात.

“झालं का रं?” त्या विचारतात.

“झालं, आई.”

मग मूठ सुटते. बाबांनो, तुमच्याही घरी टाकी असेल, तर हात पाण्यात घालण्याआधी प्लग अशाच एखाद्या मुठीत द्या. माझ्यासारखा दिवा प्रत्येक घरात नसतो, पण तुमची काळजी करणारं माणूस असतंच.