बावन्न वेळा एक हितचिंतक

पावतीबाई हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते कुणालाच सांगता आलं नसतं, पण का ठेवलं ते पहिलीतल्या पोरालाही ठाऊक होतं. शाळेच्या कचेरीतून खडूचं एक खोकं न्यायचं तरी बाईंपुढे सही करावी लागे. दोन खोकी नेली तर "का?" याचं उत्तरही द्यावं लागे. शाळेला कुठलंच अनुदान नव्हतं. फी, लोकांच्या देणग्या आणि पावतीबाईंचा चिकटपणा या तीन खांबांवर ती अठ्ठावीस वर्षं उभी होती. तिसरा खांब सगळ्यांत जाड आहे, असं मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, पाहुण्यांना हसत सांगत.

आज मात्र मोठ्या बाई हसत नव्हत्या. शाळेची इमारत भाड्याची होती आणि मालकाने ती विकायला काढली होती. अर्धी किंमत शाळेने कशीबशी जमवली. उरलेली अर्धी भरायला एका जुन्या कारखानदाराचा ट्रस्ट तयार होता, पण एका अटीवर: शाळेमागे निदान तीनशे माणसं उभी आहेत हे दिसलं पाहिजे. गेल्या वर्षात प्रत्येकाने काहीतरी दिलेलं हवं, मग ते पाच रुपये का असेनात, आणि प्रत्येकाचं नाव आणि सही हवी. आज संध्याकाळी पाचपर्यंत ट्रस्टचा होकार आला नाही, तर उद्या मालक इमारत टायरच्या गोदामाला देणार होता.

ट्रस्टचे तपासनीस सकाळी दहाला आले. बारीक, इस्त्रीचे, चहात साखर नको म्हणणारे. असा माणूस पावतीबाईंना एरवी फार आवडला असता. त्यांनी देणगीदारांची वही उघडली, प्रत्येक नावावर पेन्सिलीचं टोक टेकवलं आणि शेवटी म्हणाले, "दोनशे एकाहत्तर."

"छे! हितचिंतक राहिले की," पावतीबाई म्हणाल्या.

"तो एक धरलाय मी. 'एक हितचिंतक'. वर्षात बावन्न वेळा देणगी दिलीय त्याने. दर शुक्रवारी. मला त्याचं कौतुक वाटतं."

"अहो, तो एक नाही! फाटकाजवळ डबा आहे ना, त्यात लोक पाकिटं टाकतात. नावं लिहीत नाहीत. शुक्रवारी मी डबा उघडते आणि सगळ्यांची मिळून एकच पावती फाडते. प्रत्येकाला वेगळी फाडली तर पावतीपुस्तकं किती लागतील? छपाईचा भाव बघितलाय का तुम्ही?"

"वाचवलीत खरी छपाई," तपासनीस म्हणाले. "पण वहीत तो एकच आहे, आणि त्याची सही नाही. म्हणजे दोनशे सत्तर."

मोठ्या बाईंनी पावतीबाईंकडे पाहिलं. मग त्या खिडकीकडे वळल्या. अठ्ठावीस वर्षांत पावतीबाईंनी शाळेची एक टाचणी वाया जाऊ दिली नव्हती, आणि आता पावत्यांचा कागद वाचवता वाचवता इमारतच हातची जायची वेळ आली होती.

एवढ्यात व्यायामाचे शिक्षक दारात डोकावले. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून ते शिट्टीसर. "बाई, आज वीस तारीख," ते हळूच म्हणाले.

"दिसतंय मला कॅलेंडर!" पावतीबाई फणकारल्या. दर महिन्याच्या वीस तारखेला शिट्टीसर पगारातली उचल मागायला येत आणि दर महिन्याला बाई त्यांना काटकसरीवर पाच मिनिटं ऐकवून मग पैसे देत. "तुमचं नंतर! स्कूटर आणलीय का?"

"आणलीय. का?"

उत्तर न देता बाईंनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं. डब्यातली रिकामी पाकिटं त्यांनी टाकली नव्हती. टाकतील कशा? त्या ती उसवायच्या, उलटी करून चिकटवायच्या आणि शिक्षकांचे पगार त्यातून द्यायच्या. जी अजून उलटायची होती, त्यांचं हे मोठं पोतं भरलेलं. त्यांनी ते टेबलावर रिकामं केलं.

"मोजाल का हो तुम्ही," त्यांनी तपासनिसांना विचारलं, "ज्याचं पाकीट त्याने त्यावर नाव घालून सही केली तर?"

तपासनिसांनी विचार केला. "गेल्या वर्षातलं पाकीट, देणाऱ्याची स्वतःची सही. मोजेन. पण मी पाचला उठतो."

"मग बसा. चहा येईल. बिनसाखरेचा."

पाकिटांवर नावं नव्हती, पण बाईंना नावांची गरजच कुठे होती? कुठल्या दुकानात कसला कागद वाया जातो, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. शिलाईच्या खडूच्या रेघा असलेला खाकी कागद टेलर मास्तरांचा. एक कड कातरलेली गुळगुळीत पाकिटं छापखान्याची. पिठाने पांढुरकी झालेली बेकरीची. औषधांच्या पुड्यांची, फुलं गुंडाळायच्या कागदाची, सायकलच्या वंगणाचा अंगठा उमटलेली. पत्ते वाटावे तशी बाई गठ्ठे वाटत गेल्या. शिट्टीसर तोंडाचा आ करून बघत होते. तपासनिसांनीही चष्मा वर केला.

"एकोणतीस गठ्ठे, म्हणजे एकोणतीस माणसं!" पावतीबाई ओरडल्या. "आणि हवीत तीस! चला!"

"एक कमी आहे ना पण?"

"रस्त्यात सापडेल. आधी स्कूटर काढा!"

साडेअकरापर्यंत छापखाना, औषधवाला आणि फुलवाली झाली. फुलवालीने सही करताना विचारलं, "म्हणजे आता मी दिलंय हे सगळ्यांना कळणार?" बाई म्हणाल्या, "फक्त वहीला." स्कूटर कोपऱ्यावर वळली की बाई एका हाताने पिशवी आणि दुसऱ्याने शिट्टीसरांचा सदरा धरत. "जरा जोरात!" त्या म्हणत. आणि जोरात गेलं की, "पेट्रोल काय फुकट मिळतं?"

टेलर मास्तरांनी कानांवर हात ठेवले. "मी? शाळेला? बाई, तुमची चूक होतेय."

"मास्तर, हा तुमचा खडू. ही रेघ बघा, बाहीची आहे."

मास्तरांनी मागच्या पडद्याकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला ना. ही आत काजं करतेय. तिला कळलं तर म्हणेल, घरात शिलाई मशीन जुनं झालंय आणि हे निघाले दानशूर."

पडदा सरकला. मास्तरांची बायको सुईदोऱ्यासकट बाहेर आली, गठ्ठा तिने हातात घेतला आणि अर्धी पाकिटं बाजूला काढली. "ही यांची. ह्यांना सरळ घडी घालता येत नाही. ही माझी."

मास्तरांनी तिची पाकिटं उचलून मोजली.

"तू कधीपासून?"

"धाकटी तिथे शिकून गेली तेव्हापासून. आणि तुम्ही?"

"तेव्हापासूनच."

"भांडण नंतर करा, वहिनी," पावतीबाई आनंदाने म्हणाल्या, "आधी दोन सह्या करा, दोन! सर, सापडला बघा तिसावा माणूस!"

बाहेर येताना शिट्टीसरांनी एक जोरदार शिट्टी फुंकली. रस्त्यावरची तीन कुत्री उठून उभी राहिली.

पण आनंद जेवणाच्या वेळेपर्यंतच टिकला. किल्ल्या करणारा माणूस दोन महिन्यांपूर्वीच गाव सोडून गेला होता. आणि चष्मेवाल्याने पाकीट ओळखलं, छातीशी धरलं, पण सही करायला चक्क नकार दिला. "बाई, माझी दोन्ही पोरं समोरच्या शाळेत आहेत. तिथल्या कमिटीवर मी आहे. मी तुम्हाला पैसे देतो हे तिथे कळलं, तर मला तोंड दाखवायला जागा नाही राहणार."

"मग देता कशाला?"

"तुमची शाळा चांगली आहे म्हणून," चष्मेवाला दीनवाणा होऊन म्हणाला. "आमच्याकडे फक्त बस आहे."

दोन वजा झाले. सायकलवाल्याच्या गठ्ठ्यात मात्र त्याच्या भावाचाही अंगठा निघाला, तेवढा एक वाढला. पाचला वीस मिनिटं कमी असताना बाईंनी पिशवीवरच बोटं मोजून हिशेब केला. बेकरीवाला उरला होता. तो मिळाला की दोनशे नव्याण्णव.

बेकरीवाला म्हणजे शाळेचा घोषित शत्रू. घंटा वाजली की माझं फुगत आलेलं पीठ दचकून बसतं, अशी त्याची वर्षानुवर्षांची तक्रार. लेखी तक्रारी पावतीबाईंच्या फाइलमध्ये क्रमांक घालून लावलेल्या. तो भट्टीसमोर उभा होता.

"आज कसली तक्रार घेऊन आलात?" त्यानेच विचारलं.

बाईंनी पांढुरका गठ्ठा त्याच्या लाकडी फळीवर ठेवला. बेकरीवाल्याने एकदा गठ्ठ्याकडे, एकदा भट्टीकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले, ते भट्टीने नक्कीच नव्हे.

"धंदा आहे हो," तो पुटपुटला. "तुमची पोरं मधल्या सुट्टीत बिस्किटं घेतात. शाळा गेली तर बिस्किटं काय टायर खाणार आहेत?" आणि त्याने सही ठोकली. मग एक पाकीट उचलून उजेडात धरलं. "हे माझं नाही."

"तुमचंच. पीठ लागलंय."

"कागद माझा आहे. पण मी पाकीट कणकेने चिकटवतो. हे डिंकाने चिकटवलंय. माझ्या बेकरीत डिंक औषधालाही सापडणार नाही."

पावतीबाईंनी ते पाकीट घेतलं. शिट्टीसरांनी एकदम स्कूटरला किक मारायला सुरुवात केली. "बाई, पावणेपाच होत आले. जाऊ दे ते पाकीट."

"जाऊ कसं दे? एकच कमी आहे!"

"फुलवालीच्या बहिणीनेही कधी दिलं असेल का, विचारू. चष्मेवाल्याला पुन्हा—"

"गाडी शाळेत घ्या," बाई म्हणाल्या.

वाटेत त्या पाकिटाची कड चाचपत राहिल्या. बेकरीचा कागद, आणि डिंक. डिंक कोण लावतं? डिंक त्या स्वतः लावतात. पाकिटं उलटून चिकटवताना. कचेरीत शिरेपर्यंत त्यांचं डोकं भट्टीसारखं तापलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात पाचला नऊ मिनिटं कमी होती. तपासनीस चौथा कप संपवून बॅगेचा बंद लावत होते आणि मोठ्या बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"दोनशे नव्याण्णव," पावतीबाईंनी सह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. "थांबा!"

टाचणीने त्यांनी त्या पाकिटाचे सांधे सोडवले आणि कागद टेबलावर सपाट पसरला. एका बाजूला बेकरीचं पीठ. दुसऱ्या बाजूला, कोपऱ्यात, त्यांच्याच बारीक अक्षरात, पेन्सिलीने: ४. शेजारी त्यांचीच पगार दिल्याची खूण.

म्हणजे बेकरीवाल्याचं पाकीट बाईंनी उलटून पगाराचं केलं होतं, आणि पगार घेणाऱ्याने ते पुन्हा सुलटं करून डब्यात टाकलं होतं. अक्षर आत जावं म्हणून. पगारपत्रकात चार नंबर कुणाचा, हे बाईंना बघावं लागलं नाही. त्यांनी मान वर केली. शिट्टीसर दाराच्या चौकटीचा रंग नखाने खरवडत होते.

"तुम्ही?"

"मला वाटलं उलटलं की कळणार नाही," शिट्टीसर म्हणाले.

"दर वीस तारखेला माझ्याकडून उचल नेता, आणि एक तारखेला पगार झाला की डब्यात टाकता?"

"मग वीस तारखेला उचल का लागते असं वाटत होतं तुम्हाला?"

"अकरा वर्षं मी तुम्हाला काटकसर शिकवतेय!"

"म्हणूनच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही उचल बंद केली असती. मग डब्यात काय टाकलं असतं?"

पावतीबाईंना हे गणित दोनदा मांडूनही त्यात चूक सापडेना. तपासनिसांनी घसा खाकरला. "शिक्षकाने दिलेलं चालतं. फक्त सही लागेल. पाच मिनिटं आहेत."

शिट्टीसरांनी सही केली. तपासनिसांनी गठ्ठ्यावर पेन्सिलीचं टोक टेकवत तीस पाकिटं मोजली, बॅगेतून ट्रस्टचा कागद काढला आणि त्यावर खाली सही करून शिक्का मारला. मोठ्या बाई खिडकीपासून वळल्या, कागद वाचला, आणि ज्यांनी आयुष्यात शाळेच्या वऱ्हांड्यात कुणाला धावू दिलं नव्हतं, त्या धावत गेल्या आणि स्वतःच्या हाताने घंटा बडवू लागल्या. पाच वाजायला अजून तीन मिनिटं होती. पलीकडच्या रस्त्यावरून बेकरीवाल्याची आरोळी ऐकू आली, "पीठ बसलं माझं! पीठ!" आणि मागोमाग त्याचंच हसू.

गलका ओसरल्यावर शिट्टीसर टेबलाशी घुटमळले. "बाई... वीस तारीख."

पावतीबाईंनी खण उघडला, नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या आणि एका पाकिटात घातल्या. पाकीट कोरं होतं, दुकानातून विकत आणलेलं. शिट्टीसरांनी ते उजेडात धरून बघितलं.

"बघता काय?" बाई म्हणाल्या. "सही करा. आणि थांबा जरा, तुमच्या देणगीच्या पावत्या फाडायच्यात. अकरा वर्षांच्या."