सहलीचं तिसरं ठिकाण

लेकीने आपण होऊन सहलीला न्यायचं काढलं, तेव्हाच म्यूरिएलच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. हिलरी यायची ती नाताळात आणि आईच्या वाढदिवसाला, तीही घड्याळाकडे बघत. पण ऐंशी ओलांडलेल्या एकट्या बाईला कुणी गाडी घेऊन येतो म्हटलं, की ती कुठे खोलात शिरते? म्यूरिएलने पहाटे उठून काकडीची सँडविचेस केली, थर्मास भरला आणि टोपी घालून कितीतरी वेळ आधीच दाराशी बसून राहिली.

बेत हिलरीनेच आखला होता. आधी रोमन लोकांचा व्हिला, मग पाणचक्की, मग जहागीरदारांचा एक जुना बंगला.

व्हिला म्हणजे आता पत्र्याच्या छपराखालच्या गुडघाभर भिंती आणि फुटकी नक्षीची फरशी. कुणीतरी निवृत्त मास्तर हौसेने माहिती सांगत होते. बोलणं संपत नव्हतं आणि बाहेरून बोचरा वारा येत होता. तरी म्यूरिएल शेवटपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "फार छान आहे हं."

"म्यूरिएल, तुम्हाला खड्डासुद्धा छान वाटतो," जावई हसला.

"किती मन लावून खणलाय त्यांनी, डेझमंड."

यात ढोंग नव्हतं, वळण होतं. दुसऱ्याच्या दारात गेलं की घर कसंही असो, छान म्हणायचं. पुडिंग घशाखाली उतरत नसलं तरी आणखी थोडं वाढा म्हणायचं. तिच्या आईने हे चापट्या मारून शिकवलं होतं आणि तिने हिलरीला न मारता. त्या मुलखात अख्खी आयुष्यं 'छान' या एका शब्दावर निभावली जातात. लग्नंसुद्धा.

फरशीखाली पोकळी ठेवून रोमन लोक खालून आग पेटवत आणि खोल्या उबदार ठेवत, असं मास्तरांनी सांगितलं होतं. हिलरीने ते लगेच उचललं. "बघ आई, त्यांचीसुद्धा घरं उबदार होती. आणि तू बसतेस त्या गारठ्यात."

"मी दोन स्वेटर घालते."

"जिन्यावरून पडलीस तेव्हाही दोनच होते ना?"

"पडले नव्हते, बसले होते," म्यूरिएल म्हणाली. हिलरीने डेझमंडकडे बघितलं. डेझमंड फरशीच्या नक्षीतला मासा न्याहाळायला लागला.

पाणचक्कीत चाक फिरत होतं आणि जात्यातून पीठ पडत होतं. म्यूरिएलला ते मनापासून आवडलं. तिने पिठाची एक पिशवी उचलली. रविवारी पाव करू, शेजारच्या डोरीनलाही अर्धा देऊ.

"कशाला आता?" हिलरीने पिशवी तिच्या हातातून काढून फळीवर ठेवली.

"आता म्हणजे?"

"म्हणजे उगाच ओझं गं."

म्यूरिएलला वाईट वाटलं. पण पिशवीवरून लेकीशी वाद काय घालायचा, म्हणून ती दाराकडे वळली.

बंगला खरोखर देखणा होता. पिवळसर दगड, उंच झाडांची रांग, पलीकडे मेंढ्या. पण दारात तिकीट घेणारं कुणी नव्हतं. आत उकडलेल्या कोबीचा आणि फिनेलचा वास येत होता. दिवाणखान्यात सात-आठ म्हातारी माणसं भिंतीकडेने बसली होती आणि टीव्ही आपला आपण बोलत होता.

"या, म्यूरिएल," एक हसतमुख बाई पुढे आली. "मी ऑड्री. आम्ही तुमचीच वाट बघत होतो."

आपलं नाव हिला कसं ठाऊक, हा प्रश्न म्यूरिएलच्या ओठापर्यंत आला. पण घरात पाऊल टाकताच जाब विचारायचा नसतो. ऑड्रीने त्यांना वर नेलं आणि एक खोली उघडली. पलंग, खुर्ची, उशाशी घंटेची दोरी. पडदे नवे होते. तिघंही म्यूरिएलच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. कुणीच काही बोलेना आणि ती शांतता तिला सोसवेना.

"छान आहे हं," ती म्हणाली.

हिलरी एकदम रडायला लागली. तिने आईला मिठी मारली. वडिलांच्या अंत्ययात्रेतही तिने अशी मारली नव्हती. "थँक यू, आई. मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. मी किती रात्री झोपले नाहीये."

मग कुठे म्यूरिएलला सगळं समजलं. आणि लेकीचा राग यायच्या आधी तिला स्वतःच्या जिभेचा राग आला.

"हिलरी, मला नाही राहायचं इथे," ती म्हणाली. परक्या घरात उभं राहून असं ती जन्मात बोलली नव्हती. "मला घरी ने."

ऑड्री दुखावली असती तरी काही आशा होती. ती नुसती हसली. "पहिल्या दिवशी सगळेच असं म्हणतात."

"आई, आत्ता तूच म्हणालीस ना छान आहे?" हिलरीने डोळे पुसले. "थोडे दिवस राहून तर बघ."

"आणि घर?"

"डेझमंड बघतोय त्याचं."

डेझमंड तेवढ्यात खाली जाऊन तिची बॅग घेऊन आला होता. तिचे गाऊन, सपाता, औषधं, सगळं नीट भरलेलं. कधी भरली कोण जाणे. त्याने ती पलंगावर ठेवली. म्यूरिएलने सवयीने त्याचे आभार मानले आणि ओठ चावला.

ते निघाले तेव्हा ती जिना उतरून मोठ्या दारापर्यंत गेली. जाणाऱ्याला दारापर्यंत पोचवायचंच असतं. गाडी सुरू झाली, हिलरीने काच खाली केली.

"सावकाश जा," म्यूरिएल हात हलवत म्हणाली. "पोचलात की फोन कर."

गाडी झाडांच्या रांगेतून दिसेनाशी झाली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हे ती आजवर फक्त स्वतःच्या घराच्या दारातूनच म्हणत आली होती.