सात मिनिटे चाललेले इंजिन

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. एकोणीसशे अडुसष्ट सालच्या फियाट गाडीचे, चार पिस्टनचे. माझी गाडी चाकांशिवाय भिंतीला टेकून उभी आहे आणि मी तुडील गावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर पोट उघडे टाकून पडलो आहे. मला पाहून कोणी हळहळत नाही. पण माझ्यामुळे एका घरात जे घडले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी ओतीव लोखंडाचा. माझा पहिला मालक पोलादपूरचा एक हेडमास्तर होता. तो मला फार जपून, आणि फार हळू चालवीत असे. अठ्ठ्याऐंशी साली त्याने गाडी मालोजी मेस्त्रींना विकली आणि माझे खरे आयुष्य सुरू झाले. मेस्त्रींचे महाडला गॅरेज होते. दिवसा ते दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करीत आणि कोणी बोलावले की मला घेऊन निघत. लग्नाचे वऱ्हाड, मुंबईहून आलेला चाकरमानी, डोंगरातल्या वाडीवरची अडलेली बाळंतीण, सगळ्यांना मी नेले. आंबेनळी घाटाच्या चढावर भल्याभल्या गाड्या वाफा सोडीत बाजूला उभ्या राहत. मी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत का होईना, वर पोचत असे. वर पोचल्यावर मेस्त्री बॉनेटवर हात ठेवून म्हणत, "शाबास रे वाघा!" तेवढ्यावर माझा महिना जाई.

मित्रांनो, इंजिनाचे एक गुपित सांगतो. आमच्या पोटात लोखंडावर लोखंड फिरते असे तुम्हाला वाटत असेल. ते तसे नसते. मध्ये तेलाचा एक पापुद्रा असतो, केसाहूनही बारीक. तो आहे तोवर आम्ही आहोत. तो फाटला की काही मिनिटांत सारे संपते.

एकवीस सालच्या पुरात महाडच्या गॅरेजमध्ये मी दोन दिवस पाण्याखाली होतो. पाणी ओसरले तेव्हा माझ्या चारही नळकांड्यांत सावित्री नदीचा गाळ भरला होता. मेस्त्रींनी मला टेम्पोत घालून घरी, तुडीलला आणले, पण हात लावला नाही. आधी लोकांच्या गाड्या. लोकांच्या गाड्या संपता संपता तीन वर्षे गेली आणि मेस्त्रींच्या किडन्याही गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. बोटांत जोर राहिला नाही, पाना धरला की निसटू लागला.

तेव्हा त्यांची मुलगी अक्षदा रजा काढून आली. ती पनवेलला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिने आयुष्यभर पुस्तके हाताळली होती, पाना कधीच नाही. मेस्त्री खाटेवर बसून सांगत आणि ती करी. बेअरिंगमधल्या फटींची मापे मात्र ते स्वतः घेत. मोजायची पट्टी डोळ्यांजवळ धरून, थरथरणारे मनगट गुडघ्यावर टेकवून.

जोडणीच्या दिवशी त्यांनी तिच्यापुढे तेलांच्या बाटल्या आणि डब्या मांडल्या. मेस्त्रींची मोठी बहीण बनुआत्या दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याला कधी तेलाचं बोट लावलं नाय ह्यानं, आणि ह्या लोखंडाला पाच तऱ्हांचं!"

"तुझ्या गुडघ्यात टॅपेट नायत, आक्का."

"नायत कशी? कटकट तर वाजतात!"

अक्षदा हसत होती. तिने विचारले, "पिस्टनच्या रिंगांना कुठलं, आबा?"

"साधं पातळ तेल. तिथं दाट लावलंस तर रिंगा बसायच्या नायत. मग जन्मभर धूर."

"आणि कॅमला?"

"हे काळं मलम. भरपूर चोळ, हात आखडू नको. झडपा उघडतो ना तो, पहिल्या फेऱ्यात सगळ्यात जास्त मार कॅम खातो. बेअरिंगांना हे लाल. मधासारखं चिकटून बसतं, तेल पोचेस्तवर सांभाळतं."

"पंपात?"

"व्हॅसलिन."

"ओठांना लावायचं?"

"तेच गो. कोरडा पंप तेल ओढत नाय. व्हॅसलिन भरलं की ओढतो. आणि इंजिन तापलं की ते विरघळून तेलात जातं. हे काळं, लाल, सगळं तसंच. लक्षात ठेव, आत घालशील ते काम झाल्यावर विरघळलं पायजे. नायतर तेच वाट अडवतं."

तिने वहीत लिहून घेतले. तिचे अक्षर सुरेख आहे.

आठ दिवस काम चालले. मेस्त्रींची तब्येत उतरत होती. डॉक्टरांनी त्यांना पनवेलच्या मोठ्या रुग्णालयात हलवायला सांगितले, दिवसही ठरला. तिथून ते परत येतील असे घरात कोणी म्हणत नव्हते. मेस्त्रींचे मागणे एकच होते. जाण्यापूर्वी त्यांना मला चालू झालेले ऐकायचे होते. ते हे मोठ्याने म्हणत नसत. नुसते विचारीत, "आज कुठवर आलं?"

निघायच्या दोन दिवस आधी लाल मलमाची नळी संपली. दोन बेअरिंगे राहिली होती, तिसऱ्या पिस्टनचे आणि चौथ्याचे. नवी नळी पुण्याहून यायची होती आणि कुरिअरवाला फोनवर म्हणत होता, "चार दिवस लागतील, मॅडम." मेस्त्री डायलिसिसहून नुकतेच आले होते, आतल्या खोलीत झोपले होते. दुपारचे तीन वाजले होते.

त्याच वेळी दीपकमामा मोटरसायकलवरून आला. अक्षदाच्या दिवंगत आईचा हा धाकटा भाऊ. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात पंपांवर काम करतो. मित्रांनो, आमच्या बाजूला कारखान्याच्या वस्तूंना मोठा मान असतो. पाण्याचा निळा पिंप कंपनीचा, चुलीवरचे भांडे उतरवायचे हातमोजे कंपनीचे, गोठ्यावरचे प्लॅस्टिक कंपनीचे. 'कंपनीचं हाय' म्हटले की त्यापुढे कोणी बोलत नाही.

अडचण ऐकून मामाने मोटरसायकलच्या पिशवीतून एक छोटा डबा काढला. आत पांढरे शुभ्र ग्रीस होते, लोण्यासारखे.

"हे लाव. आमच्या ॲसिडच्या पंपाला हेच लावतात. परदेशातून येतं. ॲसिडानं पण धुतलं जात नाय, अक्षे! तुझ्या त्या लाल मलमाचा बाप हाय हा."

"आबांना विचारू का?"

"विचार की. पण आताच डोळा लागलाय त्यांचा."

ती आतल्या दाराशी गेली. तिथे थोडा वेळ उभी राहिली आणि परत आली. मामाला म्हणाली, "उठवलं तर थांब म्हणतील. थांबायला वेळ कुठे आहे?"

आणि तिने ते पांढरे ग्रीस माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या बेअरिंगला लावले. भरपूर लावले, हात आखडला नाही. पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, क्रँकच्या, ज्या बारीक भोकांतून तेल यायचे असते, तीही तिने मायेने भरून टाकली. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. ते ग्रीस ॲसिडात काय, तेलातही विरघळणारे नव्हते!

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडीत न बसवता ठोकळ्यांवरच चालू करायचे ठरले. आत्याने माझ्या हेडला कुंकू लावले, नारळ फोडला आणि मला बजावले, "नीट वाग रे बाबा." अक्षदाने आधी ड्रिलने तेलाचा पंप फिरवला. दाबाचा काटा वर चढला. मेस्त्रींनी मान हलवली. मग तिने बॅटरी जोडली आणि मी दुसऱ्या प्रयत्नात पेटलो.

मित्रांनो, चार वर्षांनी मी श्वास घेतला! शेडचा पत्रा थरथरू लागला. मेस्त्रींनी घड्याळ हातात धरले होते, कारण नवा कॅम रुळायला वीस मिनिटे एका वेगाने चालवावे लागते. "सोडू नको, धरून ठेव," असे ते हाताने दाखवीत होते. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा आंबेनळी चढून आल्यावर होत असे तसा झाला होता. आत्या पदराने तोंड झाकून रडत होती. मामाने मोबाइलवर चित्रण सुरू केले.

पहिला घाव मलाच कळला. चौथ्या बेअरिंगला तेल पोचत नव्हते. ग्रीसच्या बुचाने वाट बंद केली होती. मी सोसले. आणखी एक मिनिट, आणखी एक. मग टक, टक, टक.

मेस्त्रींनी डोळे उघडले. "बंद कर."

"आबा, काटा जागेवर आहे..."

"काट्याचं नको सांगू. चारीत, चौथ्या पिस्टनात आवाज हाय. बंद कर गो!"

तिने बंद केले. सात मिनिटे झाली होती.

मग मेस्त्रींनी विचारले, "चारीला काय लावलंस?"

अक्षदा म्हणाली, "लाल. तुम्ही सांगितलेलं."

दीपकमामा आपल्या चपलेकडे बघत होता. "माझी दुसरी पाळी हाय," असे पुटपुटून तो मोटरसायकलवर बसला आणि गेला. अक्षदा औषध आणायला घरात गेली, आत्या तिच्यामागून.

शेडमध्ये आम्ही दोघेच उरलो. मेस्त्री खाटेवरून उठले, मला धरून उभे राहिले आणि तेल बघायची पट्टी बाहेर काढली. पट्टीवर तेलात भिजलेले पांढरे कण होते. त्यांनी ते बोटांत चोळले. विरघळले नाहीत. मेस्त्रींनी घराकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाले, "विचारायचं होतंस गो. आजच चालू करायचं होतं ना? मग साधं तेलसुद्धा चाललं असतं. लाल लागतं ते इंजिन बरेच दिवस पडून राहणार असेल तर."

त्यांनी बोटे टॉवेलच्या आतल्या बाजूला पुसली. पट्टी स्वच्छ पुसून जागेवर ठेवली. अक्षदा औषध घेऊन आली तेव्हा ते खाटेवर बसले होते. तिला आणि आत्याला ऐकू जाईल असे म्हणाले, "चूक माझी. चारीचं माप घट्ट राहिलं. डोळे गेले माझे."

मी अक्षदाकडे पाहत होतो. आता बोलेल, आता बोलेल असे मला वाटले. आत्या म्हणाली, "जाऊ दे रे, आता दमू नको." अक्षदाने औषधाचा पेला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी त्यांना पनवेलला नेले. नवव्या दिवशी ते गेले.

तेरावे झाल्यावर अक्षदाने मला उघडले. मामाही आला होता. चौथ्या बेअरिंगचा रुपेरी थर पार खरवडून गेला होता, खालचे तांबे दिसत होते. तेलाच्या भोकात पांढरे ग्रीस तसेच होते, तिच्या बोटाचा ठसा असल्यासारखे. ती जमिनीवर बसली.

"माझ्यामुळं झालं," मामा म्हणाला. "मी सगळ्यांना सांगतो."

"कोणाला सांगणार, मामा? आबांना वाटलं, त्यांच्या मापाने गेलं. तेच घेऊन गेले ते."

तसे नव्हते, हे फक्त मला ठाऊक आहे. त्यांना सारे कळले होते आणि त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतले, तिच्यावरचे ओझे उतरावे म्हणून. त्याने ते दुप्पट झाले. आणि हे तिला सांगणारे कोणी नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, तेलपाणी करा, एवढे सांगून मी थांबू शकलो असतो. पण माझे मागणे वेगळे आहे. ज्याला ठाऊक आहे तो शेजारच्या खोलीत झोपला असेल, तर त्याला उठवा. तो चिडेल, फार तर तासभर. आणि हातून चूक झाली तर समोर माणूस असतानाच सांगा. त्याने ती आधीच ओळखली असेल, तरीही सांगा.

अक्षदा आता महिन्यातून एकदा येते. गंज धरू नये म्हणून माझ्या क्रँकवरून तेलाचा हात फिरवते आणि जायच्या आधी म्हणते, "आबा, तुमचं माप बरोबर होतं." शेडमध्ये तेव्हा माझ्याशिवाय कोणी नसते. मी ऐकून घेतो. लोखंडाला तेवढेच करता येते.