आता हात घातलाच आहे तर

लडलो गावाच्या पुढच्या एका शेतावर जुनी गाडी बघायला नॉर्मन टिमिन्स निघाला, तेव्हाच त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, ओळखलं की हा गडी नुसती बघून परत येणाऱ्यातला नाही. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने कधी स्वतःच्या शर्टाला इस्त्री केली नव्हती, आज केली होती. शिवाय डिकीत जुनी सतरंजी टाकलेली, म्हणजे गाडीखाली सरपटायचा बेत पक्का. तीही कोट घालून शेजारी येऊन बसली. पायऱ्या उतरताना तिला दोनदा थांबावं लागलं, पण ते दोघांनीही पाहिलं नाही असं ठरलं.

ग्लेनिसची फुप्फुसं आखडत चालली आहेत, हे फेब्रुवारीत डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुढचा उन्हाळा धरून चालू नका, असंही सांगितलं होतं. हा उन्हाळा मात्र हातात होता.

गवताच्या गोठ्यात, ताडपत्रीखाली, कोंबड्यांच्या विष्ठेने माखलेली ती गाडी उभी होती. दोनच जणांची, उघड्या टपाची, मूळची हिरवी. शेताची मालकीण, मिसेस ब्रीज, हात पुसत म्हणाली, "आमच्या ह्यांनी शहाण्णव साली आत लावली. हिवाळा सरला की काम काढतो म्हणाले. सव्वीस हिवाळे सरले, मग हेच गेले."

आमच्याकडे दर गावात असा एक नवरा आणि अशी एक गाडी असतेच. विकत मागायला कुणी आलं की तो म्हणतो, विकायची नाही, करायची आहे. आणि करत काही नाही.

गाडी घेताना तोंड वाकडं करायचं असतं. टायरला लाथ मारायची, गंजाकडे बघून उसासे टाकायचे, 'वाया गेली हो' म्हणायचं, की किंमत उतरते. नॉर्मन मात्र देवळात आल्यासारखा गुडघ्यांवर बसला.

"अरे, जरा नाक मुरड," ग्लेनिस त्याच्या कानाशी कुजबुजली. "बाई तुझं तोंड बघून भाव वाढवतेय."

"मागचा पत्रा मूळचा आहे गं!"

"झालं! आता कोंबड्यांचेही वेगळे पैसे घेईल ती."

लग्नाआधी नॉर्मनकडे अशीच एक होती. तिच्यातून तो ग्लेनिसला बार्मथला, समुद्रावर, न्यायचा. टप उघडा, केसांना रुमाल, अंगात दोन स्वेटर. मुलगी झाली आणि ती गाडी गेली. आता गोठ्यात उभ्या उभ्या ग्लेनिसने दाराच्या कडेवर हात ठेवला.

"मी बसू का आत?"

"नको नको, तळ कुजला असेल. सीटवर उंदरांचं घरटं आहे. जरा धीर धर, मस्त करतो, मग बस राणीसारखी."

"मला मस्त नको आहे, नॉर्मन," ती म्हणाली. "मला चालती हवी. एकदा बार्मथला ने हिच्यातून. एवढंच. बाकी तुझं तू काय ते कर."

"नेणार म्हणजे काय! नेणारच," तो म्हणाला आणि तेव्हा तो अगदी मनापासून बोलत होता.

गाडी घरी आली. ट्रेव्हर, नॉर्मनचा कारखान्यातला जुना सोबती, रोज येऊ लागला. दोघांनी सिलिंडरमध्ये तेल सोडलं, चार दिवस तसंच मुरू दिलं, मग हाताने इंजिन फिरवलं. घट्ट बसलेलं ते कण्हलं, हललं, आणि पाचव्या दिवशी दुपारी चक्क सुरू झालं. सगळी गल्ली धुराने भरली. समोरच्या म्हातारीने वाळत घातलेले कपडे काढत दोघांना मनसोक्त शिव्या दिल्या. ग्लेनिस पायरीवर बसून टाळ्या वाजवत होती, आणि हसता हसता इतकी खोकली की ट्रेव्हरने जाऊन तिला पाणी दिलं.

"ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या," ट्रेव्हर बोटं मोजत म्हणाला. "तळाला दोन ठिगळं मारू. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला तपासणीही लागत नाही. पुढच्या रविवारी समुद्र, वहिनी! सॅंडविच माझ्याकडून."

ब्रेक झाले, टायर आले. शनिवारी ग्लेनिसने रुमाल काढून ठेवला, थर्मास घासून ठेवला. आणि शनिवारीच नॉर्मन सतरंजी टाकून गाडीखाली गेला, स्क्रू-ड्रायव्हरने दाराखालचा पत्रा टोचत सुटला. दोन जागी स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत शिरला.

"मग? तिथेच तर ठिगळ मारायचंय," ट्रेव्हर म्हणाला.

ठिगळ हा शब्द नॉर्मनला खपत नसे. एकेचाळीस वर्षं त्याने साचे घडवले होते. केसाच्या जाडीइतका फरक पडला तर तो काम परत करायचा. त्याच्या हातची वस्तू कारखान्यात डोळे मिटून घेत. असा माणूस कुजक्या पत्र्यावर पत्रा डकवून त्यात बायकोला बसवणार?

"आता हात घातलाच आहे तर नीटच करू," तो म्हणाला.

"लेका, साठ मैलांचा प्रश्न आहे! चंद्रावर नाही जायचंय!"

"तीन आठवडे, ट्रेव्ह. फार तर चार."

पत्रा बदलायचा तर दारं काढायला हवीत. दारं काढलीच आहेत तर बिजागऱ्या बघू. इंजिन बाहेर काढल्याशिवाय पुढचा गंज दिसत नाही, आणि बाहेर काढलंच आहे तर ते उघडायला नको? जुन्या गाड्यांच्या नादी लागलेली आमची माणसं दारूने नाही, याने बुडतात. जूनच्या अखेरीला गाडी म्हणून काही उरलं नाही. गॅरेजमध्ये नुसता सांगाडा उभा, आणि चहूकडे फळ्यांवर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या. प्रत्येकीत स्क्रू-चकत्या, प्रत्येकीवर नॉर्मनच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी.

ग्लेनिस चहा घेऊन यायची आणि दारातच टेकायची. "काय रे," एकदा ती म्हणाली, "यातली कुठली बरणी घेऊन जायचं समुद्रावर?"

तो हसला. तीही हसली. पण तिने नंतर बराच वेळ कप खाली ठेवला नाही.

नॉर्मन निर्दय होता असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. त्याच्या मनात एक वेडी समजूत घट्ट बसली होती. जोवर तिला न्यायचं बाकी आहे, तोवर ती जाणार नाही. काम अर्ध्यावर टाकून कुणी जातं का? हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही धड सांगितलं नाही. फक्त एक भाग पूर्ण होत आला की त्याला भीती वाटायची आणि तो दुसरा उघडायचा.

सप्टेंबरात चार दिवस स्वच्छ ऊन पडलं. ट्रेव्हर आपली राखाडी, साधी गाडी दारात लावून सरळ स्वयंपाकघरात आला. "वहिनी, कोट घाला. मागे उशा टाकल्यात. दुपारपर्यंत बार्मथ, मासे-चिप्स, अंधाराआधी घरी."

ग्लेनिसचा चेहरा उजळला. ती खुर्चीचा हात धरून उठलीसुद्धा. मग तिने नॉर्मनकडे पाहिलं. तो दारात तेलकट फडका धरून उभा होता आणि त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"सांगाडा पुढच्या आठवड्यात रंगाला जातोय," तो म्हणाला. "मग काय, जोडायचंच राहिलं."

तिने क्षणभर बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि खाली बसली. "नको ट्रेव्हर. मी याच्याबरोबरच जाईन. थांबते मी."

"नॉर्मन, तू तरी सांग तिला!"

नॉर्मनने सांगितलं नाही. एक शब्द पुरला असता. जा म्हणाला असता, मीही येतो म्हणाला असता, तर तिघं मजेत गेली असती. तो पुन्हा गॅरेजमध्ये गेला.

ऑक्टोबरात पलंग खालच्या खोलीत आला, शेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरू लागलं. रंगाऱ्याकडे रांग होती. नोव्हेंबरच्या एका दुपारी तिने विचारलं, "कुठवर आलं?"

"रंग चढला! मूळचा हिरवा मिळाला, अगदी तोच. किती जागी शोधला माहीत आहे?"

"छान झालं." ती श्वास गोळा करत थांबली. "खरं सांगू? मला रंग आठवतही नव्हता रे. वारा आठवत होता."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती गेली.

काम मग नॉर्मनने पूर्ण केलं. दुसरं करण्यासारखं काय होतं? आता एकही भाग त्याने पुन्हा उघडला नाही, हात भराभर चालले, बरण्या एकेक करून रिकाम्या झाल्या. पुढच्या जुलैत ट्रेव्हरने गाडी झाकून, ट्रेलरवर घालून, एका सरदाराच्या हवेलीसमोरच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला नेली. रस्त्यावरून चालवत आणली असती तर खालच्या रंगाला खडी लागली असती. परीक्षक लांबट आरसा घेऊन गाडीखाली बघत होता, टॉर्चने कानाकोपरे धुंडाळत होता. त्याला काही सापडलं नाही. पहिला चषक नॉर्मनला मिळाला.

"तीस वर्षं हे काम करतोय मी," परीक्षक त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "पण असं आतलं काम पाहिलं नाही. आत कधी कुणी बसलंच नाही असं वाटतं."

"आभारी आहे," नॉर्मन म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पांगले. चषक जड होता. तो ठेवायला नॉर्मनने डावीकडचं दार उघडलं, पण सीटजवळ नेलेला हात थांबला. नव्या चामड्यावर वळ उठेल, हा विचार त्याच्या मनात आपोआप आला. आला तो आला, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःचा तिटकारा आला. कुणासाठी जपतोय मी ही जागा?

ट्रेव्हर चहाचे दोन कप घेऊन आला तेव्हा तो उघड्या दाराशी चषक पोटाशी धरून उभा होता.

"तिने बसू का म्हणून विचारलं होतं, ट्रेव्ह," तो म्हणाला. "मी नको म्हणालो."

ट्रेव्हरने कप गवतावर ठेवले आणि नॉर्मनच्या हातातून तो चषक काढून घेतला.