गणराजचा पंखा

दिघीतल्या त्या इमारतीच्या जिन्यात चपला काढायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावर, आतल्या खोलीत, माणसं छताकडे माना करून बसली होती. पंख्याच्या दांडीला झेंडूचा हार होता. पलंगावर जाईबाई, समोर तिच्या गेलेल्या मुलाचा, गणराजचा फोटो. खाली कंपनीची बस थांबल्याचा आवाज आला, आणि जरा वेळानं पंखा आपोआप फिरायला लागला. बटणाला कुणी हातही लावला नव्हता.

"आला," जाईबाई म्हणाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

ज्योतीराम महाराजांनी हात वर केला. "मंडळी, पाती किती? तीन. सत्त्व, रज, तम. आत्म्याला रेंज लागते, ती या खोलीत फुल आहे. आणि हे सुरू झालं कोणत्या वारी? गुरुवारी. आता मी काय बोलू?"

त्यांनी काहीच बोलू नये असं माझं मत होतं, पण मी ड्युटीवर होते.

मी पद्मजा. पंख्याच्या कंपनीत टेक्निकल सपोर्टला. फोनवर सुटलं नाही की स्टूल घेऊन मलाच जावं लागतं. गिऱ्हाइकं एकेक नग असतात. वीज गेलेली असताना पंखा का फिरत नाही म्हणून भांडणारेही मी झेललेत. या घराचं मात्र काही कळेना. जाईबाईची मुलगी मिनल तक्रार द्यायची, 'पंखा आपोआप चालतो', आणि लगेच आई फोन करून ती मागं घ्यायची. "पंख्याला हात लावायचा न्हाई," एवढंच बोलून ठेवून द्यायची. शेवटी मी मिनललाच विचारलं, बाई, नेमकी भानगड काय आहे? ती फोनवर रडायलाच लागली.

गणराज चाकणला कामाला होता. एके दिवशी कंपनीची बस चुकली, म्हणून मित्राच्या बाइकवर मागं बसून निघाला, आणि घरी पोचलाच नाही. पुढं काही दिवसांनी हा पंखा चालू लागला. त्यात जाईबाईला काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आत्ताच करा, उरलेली नजर वाचेल, गेलेली परत येणार नाही. महाराज म्हणाले, वर्षश्राद्धापर्यंत ही खोली सोडलीस तर पोराची वाट बंद होईल. आई महाराजांचं ऐकत होती आणि रोज थोडी आंधळी होत होती.

लोकांना सगळ्यात जास्त पटलं होतं ते एकच. गणराजच्या कंपनीत आठवड्याला शिफ्ट बदलली की पंख्याची वेळही बदलायची. फर्स्ट शिफ्टला दुपारी चालू, सेकंडला रात्री. ड्युटीवर निघायच्या वेळी बंद. मला नेमकं तेच खटकलं. मेलेल्या माणसाला शिफ्ट कोण लावतं?

मी जिना उतरून खालच्या मजल्यावर गेले. बरोबर त्याच खोलीखाली दार उघडं होतं. आत किसन नावाचा हिंगोलीचा पोरगा, पायात अजून सेफ्टी शूज, डोक्यावर गरगर फिरणारा आमच्याच कंपनीचा पंखा, हातात रिमोट.

"ताई, वर दर्शनाला आलात का?" त्यानं विचारलं. "मी पण गेलतो सुट्टीच्या दिवशी. लई वेळ बसलो. पंखा काय फिरला नाही. महाराज म्हणले, भावा, तुझी श्रद्धा कमी पडली."

मला हसू आलं. मी त्याला रिमोटसकट वर नेलं.

सगळ्यांसमोर मी बटण दाबलं. पंखा थांबला. पुन्हा दाबलं, फिरला. मग साध्या शब्दांत सांगितलं. वीज आल्यावर पहिल्या काही क्षणांत ज्या रिमोटचं बटण दाबून धरलं जातं, त्याला हा पंखा आपला मानतो. रिमोट रेडिओवर चालतो, स्लॅब त्याला अडवत नाही. एका गुरुवारी दुरुस्तीसाठी गेलेली वीज आली, तेव्हा किसन खाली, पंखा कधी लागतो म्हणून, बटण दाबून धरून उभा होता. आणि गणराज गेल्यापासून जाईबाईनं या पंख्याचं भिंतीवरचं बटण कधी बंदच केलं नव्हतं. दोन्ही पंखे त्याचे झाले. किसन गणराजच्याच कंपनीतला, आणि त्याची शिफ्टही तीच, जी गणराजची होती.

"म्हणजे आत्मा आता रिमोटमध्ये उतरलाय," महाराज म्हणाले.

"मग महाराज, तुम्ही मंत्रानं थांबवा," मी म्हणाले. "मी सेल काढून ठेवते."

महाराजांना अचानक भोसरीतलं काम आठवलं. माणसंही एकमेकांकडे न बघता चपला शोधायला लागली.

जाईबाई तेवढी हलली नाही. "पोरी, तुला काय मिळालं गं?" ती म्हणाली. "रोज येत व्हता माजा लेक. आज तू त्याला पुन्यांदा मारलंस."

मला फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. किसन दाराशी उभा राहून रडत होता.

मिनलनं दुसऱ्याच दिवशी आईला दवाखान्यात नेलं. डावा डोळा वाचला. उजव्याला उशीर झाला होता, तो गेला. तीन पाती, त्रिगुण आणि आत्म्याची रेंज, यांत एका म्हातारीचा डोळा गेला. म्हणून हात जोडून सांगते. घरात काही आपोआप घडलं तर आधी खालच्या मजल्यावर जाऊन या. दु:खी माणसाला खोटा आधार देऊ नका, त्याचा हात धरून त्याला डॉक्टरकडे न्या.

पुढं मिनलनं पंखा पुन्हा स्वतःच्या रिमोटला जोडून घ्यायची तक्रार दिली. लगेच जाईबाईचा फोन. "मागं घे ती तक्रार."

मी घाबरून विचारलं, "मावशी, महाराज परत आले का?"

"न्हाई गं. किसन दाबतो, ठावं हाय मला. पंखा फिरला की कळतंय, कुनाचं तरी पोर कामावरनं घरी पोचलं. राहू दे तसाच."

मी तक्रार बंद केली. शेऱ्यात लिहिलं: पंखा ठीक आहे. ग्राहकाला कारण माहीत आहे.