मला धावायला जागा द्या

मी भिंगरी बोलतेय. लखनौच्या तेलीबागेत, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारी कुत्री. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला. जात विचाराल तर सांगणार नाही. का ते पुढे कळेलच.

माझा जन्म चारबाग स्टेशनवरचा. रेल्वेच्या सामानाच्या गोदामामागे जुन्या लाकडी स्लीपरांचा ढीग होता, त्याच्या पोकळीत आईनं आम्हा भावंडांना जन्म दिला. डोळे उघडले तेव्हापासून मी एकच गोष्ट पाहिली, धावणं. आई धावायची, आम्ही तिच्यामागे. हमालांच्या पायांतून, हातगाड्यांच्या खालून. धावता येईल तोवर आपण जिवंत, एवढंच तिनं शिकवलं.

निरंजन तिथे इंजिनिअर म्हणून कामाला. थंडीत आमच्यातली दोन पिल्लं गेली तेव्हा त्यानं मला डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. त्याची मुलगी दीप्ती तेव्हा चौथीत होती. पिशवीतून बाहेर पडल्या पडल्या मी स्वतःभोवती गोल गोल फिरले. "पापा, ये तो घूमती ही जा रही है!" ती ओरडली. तिला मराठी कळतं सगळं, पण बोलते ती हिंदीत. तिच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "भिंगरी आहे नुसती." तेच नाव पडलं.

आबा मूळचे सांगलीचे. आजी गेल्यावर निरंजन त्यांना इकडे घेऊन आला. त्यांना लखनौ आवडलं नव्हतं आणि मीही आवडले नव्हते. "घरात कुत्रं? तेही तिसऱ्या मजल्यावर?" असं ते शर्मिष्ठाला, म्हणजे सुनेला, रोज विचारायचे. शर्मिष्ठा बँकेत. सकाळी तिची गडबड, निरंजनची गडबड, दीप्तीची शाळेची बस. मग मला खाली न्यायला उरलं कोण? आबाच. कुरकुरत न्यायचे. काही महिन्यांनी कुरकुर कमी झाली आणि मी त्यांच्या पायाशी झोपू लागले, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण गळ्यात पट्टा बांधून गल्लीच्या टोकापर्यंत जाणं आणि परत येणं, याला माणसं फिरणं म्हणतात. माझ्या अंगातलं धावणं तसंच साठून राहायचं. मग ते घरात बाहेर यायचं. सोफ्याचा कोपरा मी फाडला. दाराची बेल वाजली की भुंकून घर डोक्यावर घ्यायची. खालच्या मजल्यावरून तक्रारी यायच्या. डॉक्टरीणबाईंनी मला तपासून सांगितलं, "बीमार नहीं है. इसको दौड़ाइए. पट्टा खोलके."

पट्टा खोलून! कुठे? सोसायटीच्या बागेत पाटी, कुत्र्यांना मनाई. पलीकडच्या मोठ्या बागेत फाटकावरच पहारेकरी भैया हात आडवा करायचा. आत मुलं चेंडूनं कुंड्या फोडायची, माणसं पत्ते कुटायची, शेळ्यासुद्धा चरायच्या. मला मात्र नाही. लोकांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. कुणाला कधी कुत्रं चावलेलं असतं, कुणाचं मूल लहान असतं. म्हणूनच तर म्हणते, कुंपण हवं. माझं गणित माणसांच्या उलट आहे. चारी बाजूंनी बंद केलं तरच मला मोकळं सोडता येतं.

ज्येष्ठातल्या एका सकाळी व्हायचं ते झालं. आबा मला घेऊन बाजाराच्या बाजूनं परतत होते. शेजारच्या गल्लीतली चार कुत्री अंगावर धावून आली. मागून मोटारसायकलवाल्यानं हॉर्न दाबून धरला. मी एकीकडे वळले, ती कुत्री दुसरीकडे, पट्टा आबांच्या पायांत अडकला आणि ते हातावर आपटले. मनगट मोडलं. समोर रायबरेली रोडची वाहतूक, बस, डंपर. आबा पडल्यापडल्या कण्हत होते, पण पट्टा काही सुटला नाही. त्याच मोडलेल्या हातानं त्यांनी तो धरून ठेवला होता. भाजीवाला धावत आला आणि म्हणाला, "अंकल, छोड़ दीजिए, हम पकड़ते हैं." तेव्हा कुठे त्यांनी मूठ सैल केली.

प्लास्टर घातलेला हात घेऊन ते घरी आले, आणि पाठोपाठ सोसायटीची मीटिंग ठरली. विषय, मी. निरंजननं मला सोबत नेलं, कारण घरी एकटी ठेवली तर मी भुंकणार आणि तीच आणखी एक तक्रार होणार.

सेक्रेटरी म्हणाले, "देखिए, बुज़ुर्ग आदमी का हाथ टूट गया. कल किसी बच्चे को कुछ हो गया तो? कुत्ते को हटाइए."

तेवढ्यात आबा उठले. सांगलीच्या हिंदीत म्हणाले, "हाथ मेरा मोडा. तक्रार मैंने नहीं किया. तुम क्यों करते?"

सेक्रेटरी गोंधळले. "मोड़ा? किधर मोड़ा, अंकल?"

"आबा का मतलब, टूटा," दीप्तीनं मागून सांगितलं. काही लोक हसले. आबा नाही हसले.

"टूटा तो टूटा. कुत्री ने नहीं तोड़ा. उसको दौड़ने को जगह नहीं, मेरे को चलने को जगह नहीं. रस्ते पर दोनों मरेंगे. हटाने का है तो जगह दो, फिर हटाओ."

जागा कुणी दिली नाही. पण हटवणंही टळलं. आणखी एक तक्रार आली तर मात्र ऐकून घेणार नाही, असं ठरलं.

घरी आल्यावर निरंजन हळूच म्हणाला, "माझ्या एका सहकाऱ्याचं बाराबंकीला शेत आहे. तिथे मोकळी राहील ती."

दीप्ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. शर्मिष्ठा म्हणाली, "अरे, तिथे साखळीला बांधतील तिला. मोकळी कोण ठेवतंय?"

"मग काय करू मी? सांग ना!"

"आधी इथे शोधू," आबा म्हणाले. "सगळीकडे शोधू. नाहीच मिळालं, तर मग बाराबंकीचं नाव काढ."

मग आमचे रविवार सुरू झाले. गाडीच्या मागच्या सीटवर मी आणि दीप्ती, पुढे आबा, आणि शर्मिष्ठाच्या हातात फोन. फोनमध्ये सगळ्या जागा सुंदर असतात. हिरवंगार गवत, हसणारी माणसं, जीभ बाहेर काढलेली कुत्री.

अमौसीला, विमानतळाच्या बाजूला, एका कॅफेचं 'पेट पार्क' होतं. पांढऱ्या रंगाचं लाकडी कुंपण, वर फुलांच्या वेली. निरंजननं पट्टा सोडला. मी दोन चकरा मारते न मारते तोच डोक्यावरून विमान गेलं. एवढा आवाज चारबागच्या एकाही इंजिनानं केला नव्हता. मी घाबरून उडी मारली आणि बाहेर! ते कुंपण माणसाच्या गुडघ्याएवढंच होतं. समोर ट्रक. निरंजन चप्पल टाकून माझ्यामागे धावतोय, दीप्ती किंचाळतेय, "भिंगरी! रुक! रुक जा!" चहाच्या टपरीशी एका माणसानं बिस्किट पुढे केलं म्हणून मी थांबले, नाहीतर आज ही कहाणी सांगायला मी नसते.

निरंजन तसाच अनवाणी मालकाकडे गेला. "इतनी-सी फेंस? कुत्ता रुकेगा कैसे?"

मालक शांतपणे म्हणाला, "सर, फेंस तो डेकोरेशन के लिए है."

परतताना गाडीत दीप्तीनं माझ्या गळ्याभोवती दोन्ही हात टाकले होते, आणि घर येईपर्यंत तिनं ते काढले नाहीत.

पुढची जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुत्र्यांचं रिसॉर्ट. ती पाहून मात्र माझे दोन्ही कान उभे राहिले. उंच जाळी, आत जायला एकामागे एक अशी दोन दारं, म्हणजे एक उघडलं तरी दुसरं बंद. आत मोठं मैदान, पाण्याचं टाकं. शर्मिष्ठाचा चेहरा उजळला. दाराशी एक मुलगी होती, छान इस्त्रीचा टी-शर्ट घातलेली. तिनं गोड आवाजात विचारलं, "कौन-सी ब्रीड है, मैम?"

"चारबाग," शर्मिष्ठा म्हणाली.

"चारबाग... ये कौन-सी ब्रीड हुई?"

"चारबाग स्टेशन की है. देसी."

मुलीचं हसू तसंच राहिलं, पण दार उघडलं नाही. "सॉरी मैम. हमारे मेंबर्स कम्फर्टेबल नहीं होते."

तेवढ्यात आतून एक झुपकेदार सोनेरी कुत्रा जाळीपाशी आला. आम्ही नाकाला नाक लावलं. त्यानं शेपूट हलवलं, मीही हलवलं. त्याची काही हरकत नव्हती. शर्मिष्ठा त्या कुत्र्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाली, "इनसे तो पूछ लेतीं," आणि मला ओढत गाडीकडे निघाली. तिचे डोळे भरले होते. बँकेत दिवसभर लोकांची बोलणी हसत ऐकणारी बाई ती, पण त्या दिवशी गाडीत बसून तिनं दार इतक्या जोरात आपटलं की मी सीटखाली शिरले.

"बस झालं," निरंजन म्हणाला. "मी बाराबंकीला फोन करतो."

"चहा घेऊ आधी," आबा म्हणाले.

तेलीबागेच्या अलीकडे चहाला थांबलो. रस्त्यापलीकडे एक मॅरेज लॉन होता. उंच भिंती, लोखंडी फाटक, आत पोटरीएवढं वाढलेलं गवत. आषाढी एकादशी झाली होती. इकडे त्यानंतर चार महिने लग्नं लागत नाहीत. आबा चहा अर्धा टाकून उठले आणि प्लास्टरचा हात सावरत सरळ फाटकातून आत गेले. लॉनचे मालक गजेंद्र सिंह खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते.

"कुत्री दौड़ाने का है," आबा म्हणाले. "सुबह. बस."

गजेंद्रजींनी आधी आबांच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काटती तो नहीं?"

"मेरे को तो नहीं काटी."

ते हसले. "ले आइए, अंकल. लगन है नहीं, खाली ही पड़ा है. बस, साफ करके जाइएगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. निरंजननं आधी सगळ्या भिंतीला चक्कर मारली, आणि मागच्या बाजूला थबकला. पाण्याचा टँकर मागे घेताना कुणीतरी भिंतीला धडक दिली होती. एक माणूस सहज जाईल एवढं भगदाड. त्यापलीकडे रस्ता. निरंजननं बांबू आडवे लावून पाहिले, दोरी बांधून पाहिली. मी खालून डोकं घालून दाखवलं. त्यानं बांबू फेकून दिला. "काही नशिबातच नाही आपल्या. चला परत."

आबांनी इकडेतिकडे पाहिलं. मांडवाच्या सामानाच्या खोलीपाशी नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. "दीप्ती, त्यातली एक ओढ इकडे." दोघांनी मिळून ती खुर्ची गवतातून ओढत नेली आणि भगदाडात बसवली. आबा तिच्यात बसले. सोनेरी पाठ, लाल गादी, मांडीवर प्लास्टरचा हात, आणि उरलेल्या फटीत आडवी धरलेली काठी.

"सोड तिला," ते म्हणाले.

निरंजननं पट्टा काढला. पहिली काही पावलं मला खरंच वाटेना, मी मागे वळून पाहिलं. मग धावले. गवत पोटाला लागत होतं, वारा कानांत शिरत होता, आणि गळ्याला कुठेही हिसका नव्हता. आईमागे धावायची तशी धावले. आबा हसत होते, "भिंगरी! भिंगरी!" म्हणून ओरडत होते. दीप्ती माझ्यामागे धावत होती आणि चक्क मराठीत ओरडत होती, "आबा, बघा ना! बघा ना!"

चार महिने आबा रोज सकाळी त्या खुर्चीत बसले. प्लास्टर निघालं तरी बसले. पाऊस असला की छत्री घेऊन बसले. सुरुची नावाची बाई तिचा जाडा बीगल घेऊन येऊ लागली, मग आणखी दोन कुटुंबं आली. घरी मी भुंकणं सोडलं. सोफ्याला नवं कापड लागलं. तक्रार एकही नाही.

आणि मग देवउठनी एकादशी आली. इकडे देव उठले की लग्नं सुरू. गजेंद्रजी कसनुसं हसत म्हणाले, "बुरा मत मानिए, अंकल. बुकिंग है पूरी." भिंत बांधलीच नाही त्यांनी, भगदाडावर झालरीचा पडदा लावला. आबांची खुर्ची पुसून मंचावर गेली.

आता मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आहे. पुन्हा पट्टा, पुन्हा गल्लीचं टोक. सुरुचीबाई आणि निरंजन मिळून जागेसाठी महापालिकेतल्या साहेबांकडे जाऊन आले. साहेब म्हणाले, "देखेंगे." कालच खालच्या मजल्यावरच्या बाईंनी बेल वाजवली. मी भुंकले होते.

'देखेंगे' म्हणणाऱ्या साहेबांना मला सांगायचंय. तुमच्याकडे वर्षं पुष्कळ असतात. माझ्याकडे धावण्याची वर्षं थोडीच आहेत, आणि त्यातली निम्मी मी बाल्कनीच्या गजांतून बघत घालवली. मला फुलांच्या वेली नकोत, पाण्याचं टाकं नको. एक तुकडा जमीन, चारी बाजूंनी उंच जाळी, आणि नीट बंद होणारं दार. ज्यांना माझी भीती वाटते ते जाळीबाहेर निर्धास्त राहतील, मी आत धावीन.

माझ्यासाठी करवत नसेल, तर आबांसाठी करा. त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. आज सकाळी ते पुन्हा एक रिकामा प्लॉट बघून आले. मला थोपटत शर्मिष्ठाला म्हणाले, "कुंपण बरं आहे, फक्त दोन ठिकाणी तुटलंय. एका ठिकाणी मी बसेन. दुसऱ्या ठिकाणी कोण बसतंय, बोला."

मग शर्मिष्ठानं बँकेची पर्स खाली ठेवली आणि म्हणाली, "मी बसते."