तिघांच्या पाठची

"बापाचं नाव अब्दुस्समद आणि जात कोळी?" कारकून खो खो हसला. "विनेशराव, हा कुठला नवा पंथ काढलात मुरूडात?"

विनेश हसला नाही. लेकीच्या, पूनमच्या, जातपडताळणीसाठी तो तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून दमला होता. त्याला आजोबांची, येसाजींची, नोंद हवी होती. ती मिळाली, आणि तिच्या मागोमाग जन्माच्या जुन्या वहीतून ही उपटली. मुलगी काशी, बाप अब्दुस्समद. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या आत्याकडे त्याने असं बघितलं, जणू तिनेच जन्मताक्षणी जाऊन ते लिहून घेतलं होतं.

"आते, आता वंशावळीत तुजं नाव न्हाय घालता येनार. समितीनं यावर बोट ठेवलं तर पूनमचं अ‍ॅडमिशन बोंबललं."

"मी दुसरं काय मागतेय व्हय रे? नाव तेवढं ऱ्हाऊ दे."

"कुनाच्या खाली लिवू? अब्दुस्समदच्या?"

हा विनेश काशीच्याच हाताखाली वाढलेला. नवरा दर्यात गेला तेव्हापासून ती धाकट्या भावाच्या, विनेशचा बाप सदाच्या, घरात राबली. बोंबील वाळवले, टोपली डोक्यावर घेऊन बाजार केला, सदाच्या पोरांना न्हाऊमाखू घातलं. त्याची नोंद कुठल्या कचेरीत होत नाही. नोंद होते ती बापाच्या रकान्याची, आणि तो रकाना वाचून काल आलेला कारकूनही तुम्हाला घरातून बाहेर काढू शकतो.

खरं सांगायचं तर तिला हे नवीन नव्हतं. कोळीवाड्यात तिला 'कण्यांची काशी' म्हणत. लोकांचं सोडा, लोकांच्या जिभेला हाड नसतंच, पण सख्खी आईसुद्धा म्हणायची, "तू माजी न्हाय. मूठभर तांदळाच्या कन्यांवर दिलीय तुला." सदाला मांडीवर घेऊन म्हणायची. त्याने 'आये' म्हणायचं, हिने 'काकी'. काशीने कधी का म्हणून विचारलं नाही. आपण टाकलेली पोर आहोत हे तिने धरूनच ठेवलं होतं, आणि टाकलेली पोर प्रश्न विचारत नाही, निमूट काम करते.

पण कागदावरूनही पुसायला निघाले तेव्हा ती पेटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तडक मोहल्ल्यात गेली. अब्दुस्समदची नात कुबरा ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. काशीपेक्षा वयाने मोठी, कान मात्र शाबूत.

"कुबराबी, खरं सांग. मी तुमच्यातली काय गो?"

अडकित्ता थांबला. "या खुदा! तुला ठाव नाय?"

"काय?"

"अगो येडे, तुझ्या अगोदर तुझ्या आईची तीन पोरं गेली. एक पण महिन्यापलीकडं जगला नाय. तू झालीस तशी तुला सुपात घालून आमच्या दारात आली. माझ्या दादीला बोलली, ही घे, आजपासून तुझी. दादीनं मूठभर कण्या दिल्या नि तुला उचलली. विकलेल्या पोरावर मरण हात टाकत नाय, असं बोलतात ना तुमची लोका? मग दादीनं लगेच तुला परत तिच्याच ओटीत टाकली, सांभाळायला म्हणून. दूध तिचंच प्यायलीस."

"आन कागदावर?"

"ते पण तिचंच डोकं! पोलीस पाटील नोंद करायला आला तर अडून बसली. माझी नाय, अब्दुस्समदची लिव. आमचा दादा, अब्दुस्समद, पोट धरून हसायचा. बोलायचा, तुमच्या यमानं चोपडी काढून बघितली तरी ही पोर त्याला सापडायची नाय."

"मग मला कुनी का न्हाय सांगितलं?"

"तुझ्या आईनं कसम घातलीवती. माझी बोलले की पोर जाईल, बोलायची. ती वारली, मग मला वाटलं तुला ठाव असंल. तू तरी कधी विचारलंस?"

काशीने पाणी मागितलं. तांब्याभर पाणी घटाघटा प्याली आणि एकदम हसत सुटली. खांदे हलायला लागले, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

"हसतेस काय, मेले? घाबरले ना मी!"

"काकी गो," काशी कशीबशी म्हणाली, "काकी म्हनायला लावलंन मला. येवडी भ्याली व्हती!"

घरी विनेश कागद पसरून बसला होता. काशी चपलांसकट आत आली.

"विन्या, त्या वहीत मेलेल्यांची पानं हायत?"

"हायत. आजोबाचं नाव दिसलं म्हनून नकला काढल्या. काय कामाच्या न्हायत."

"वाच."

"आते, मला आता टाइम..."

"वाच म्हनते!"

त्या घरात तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. विनेशने मुकाट्याने कागद उचलले.

"मुलगा. नाव ठेवले नाही. बाप येसाजी. ताप." त्याने दुसरा घेतला. "मुलगी. नाव ठेवले नाही. बाप येसाजी." तिसरा वाचताना त्याचा आवाज खाली आला. त्यालाही एक लेक होती.

मग काशीने त्याला सगळं सांगितलं. त्याने तिन्ही नकला एकावर एक ठेवल्या.

"समितीला काय सांगू?"

"हेच सांग. कुबरा येतेय साक्षीचा अंगठा द्यायला. तिला कुनाच्या बापाची भीती न्हाय."

विनेशने नवा कागद घेतला. वर येसाजी लिहिलं आणि खाली तिचं नाव लिहायला पेन टेकवलं.

"थांब. माज्या आदी तिगं हायत."

"त्यांना नाव न्हाय गो. काय लिवू?"

"रिकामे चौकोन काढ. पन काढ."

त्याने पट्टी लावून एकाशेजारी एक तीन चौकोन काढले. मग चौथा, आणि त्यात काशी. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून बघत राहिली. विनेश पंखा लावायला उठला, तसा तिने त्याचा हात धरला.

"कागद उडंल. शाई वाळू दे."

दोघं उकाड्यात तशीच बसून राहिली.